थंडी पडण्याआधीच डासाला थंडी कळते

ऑगस्ट संपत आलाय. दुपारचा पारा अजून पंचविशीच्या पुढे आहे, गटारात पाणी आहे, पाण्यात अळ्या वळवळताहेत. ४० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासच्या कुठल्याही शहरात या दिवसांत हेच चित्र दिसतं. ऊब, पाणी, अन्न, काहीच कमी नाही. तरी या सुमारास कोषातून बाहेर पडणाऱ्या क्युलेक्स पिपियन्स या जातीच्या डासाच्या पुष्कळ माद्या रक्ताच्या वाटेलाच जात नाहीत. फुलांचा रस पितात, अंगावर चरबी चढवतात आणि दमट, अंधाऱ्या, थंड जागा शोधायला लागतात. पाणी गोठायला अजून दोन-तीन महिने असतात.

त्यांना हे कळतं ते दिवस लहान होत चालल्यावरून. थोडक्यात, तापमान डासाचा वेग ठरवतं आणि दिनमान, म्हणजे दिवसाची लांबी, त्याचा निर्णय ठरवतं. डासनियंत्रणातल्या कितीतरी चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात. थंडी पडली, डास गेले, फवारणी थांबवा. किंवा हिवाळ्यात दोन दिवस ऊन पडलं, आता अंडी फुटणार, घाई करा. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि का चुकीचे आहेत ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी वेग

डासाला स्वतःच्या शरीराची ऊब नसते. भोवताल जितका उबदार, तितकं त्याचं शरीर झपाट्याने चालतं. अळी आणि कोष या दोन्ही अवस्था पाण्यात असतात, म्हणून तिथे हवेचं नाही, पाण्याचं तापमान मोजायचं.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीचं उदाहरण घेऊ. अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत ३५ अंश सेल्सिअसला सुमारे ७ दिवस लागतात. २५ अंशांना साधारण १० ते ११ दिवस. १५ अंशांना जवळजवळ ४० दिवस, आणि त्यातही बऱ्याच अळ्या वाटेतच मरतात. १० अंशांना ही वाढ पुरीच होत नाही. आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं जे सांगतात त्याचा आधार हाच. भर उन्हाळ्यातही सात दिवसांच्या आत अळीचा डास होणं कठीण. दहा दिवसांनी पाणी ओतलं तर उबदार दिवसांत एक पिढी उडून गेलेली असते.

हा हिशोब करायची सोपी रीत म्हणजे अंश-दिवस. प्रत्येक जातीचं एक किमान तापमान असतं, त्याखाली वाढ थांबते. त्या किमानाच्या वर जितके अंश, तितकी त्या दिवसाची कमाई. एडिस इजिप्तीसाठी किमान साधारण ८ अंश आणि अळी ते डास या प्रवासाला लागणारी एकूण कमाई साधारण १८० अंश-दिवस धरतात. पाणी २५ अंशांवर असेल तर रोजची कमाई १७, म्हणजे १८० भागिले १७, साडेदहा दिवस. प्रत्यक्षाशी जुळतं. आता हेच १५ अंशांना करून बघा: रोजची कमाई ७, उत्तर येतं २६ दिवस. प्रत्यक्षात लागतात ४०. हा फरक मुद्दाम दाखवतोय, कारण अंश-दिवसांचं गणित मधल्या पट्ट्यात, साधारण १८ ते ३० अंशांत, चांगलं चालतं. दोन्ही टोकांना ते फसतं. थंड टोकाला वाढ गणितापेक्षा हळू होते. गरम टोकाला एका मर्यादेनंतर वेग वाढत नाही, मरण वाढतं.

दुसरी फसगत सरासरीची. दिवसा २८ आणि रात्री १२ असताना सरासरी २० येते, पण डासाची वाढ सरासरीवर चालत नाही. थंड ऋतूत दिवसाचे ते चार-सहा उबदार तास वाढीला हात देतात, म्हणून सरासरीवरून काढलेल्या अंदाजापेक्षा डास लवकर निघतो. उष्ण ऋतूत उलटं होतं, दुपारची टोकाची उष्णता वाढ रोखते. म्हणून दिवसातून एकदा मोजून भागत नाही. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर घ्या आणि त्याचा संवेदक पाण्यात, पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटीमीटरवर बुडवा. उथळ डबकं दुपारी हवेपेक्षा कितीतरी अंशांनी तापतं. काळा टायर, काळी कुंडी आणखी तापते. जमिनीत गाडलेली टाकी मात्र हवा तापली तरी थंड राहते आणि हवा गार झाली तरी बराच काळ उबदार राहते. एकाच अंगणातल्या तीन भांड्यांत डासांची तीन वेगवेगळी वेळापत्रकं चालू असतात.

अळी थंड पाण्यात हळू वाढली की होणारा डास मोठा होतो. गरम पाण्यातला डास लवकर होतो, पण अंगाने लहान. मोठ्या मादीच्या पोटात अंडी जास्त मावतात. म्हणजे वसंतातल्या थोड्या पण दांडग्या माद्या आणि भर उन्हाळ्यातल्या पुष्कळ पण किरकोळ माद्या, असा फरक प्रत्यक्षात दिसतो.

उडायला लागल्यावरही तापमान पाठ सोडत नाही. रक्त प्यायलं की ते पचवून अंडी पिकवायला मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीसच्या मादीला ९.९ अंशांच्या वर ३६.५ अंश-दिवस लागतात, हा मलेरियाशास्त्रातला जुना आणि अजून वापरात असलेला आकडा आहे. २५ अंशांना भागाकार येतो २.४ दिवस, १५ अंशांना ७.२ दिवस. याचा अर्थ उबेत मादी दर तीन दिवसांनी चावायला येते, गारव्यात आठवड्यातून एकदा.

तिच्या पोटातल्या परोपजीवीलाही हाच नियम. मलेरियाच्या परोपजीवींपैकी फाल्सिपेरम या जातीला १६ अंशांच्या वर १११ अंश-दिवस लागतात, वायव्हॅक्सला १४.५ अंशांच्या वर १०५. फाल्सिपेरमला २५ अंशांना सव्वाबारा दिवस, २० अंशांना जवळपास २८ दिवस, आणि १८ अंशांना ५५ दिवस. इतके दिवस मादी सहसा जगतच नाही. डास आहेत पण मलेरिया नाही, अशा प्रदेशांचं उत्तर बहुधा या भागाकारात सापडतं. डेंग्यूच्या विषाणूला डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला २५ अंशांना सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंशांना साडेसहा. पाच अंशांनी काळ निम्म्याहून कमी होतो. म्हणून डेंग्यूचा जोर २९ अंशांच्या आसपास सगळ्यांत जास्त असतो आणि मलेरियाचा २५ अंशांच्या आसपास. त्याच्या वर उष्णता वाढत गेली की डासच लवकर मरायला लागतात आणि प्रसार उतरतो.

मग निर्णय

तापमानावर विसंबून हिवाळ्याची तयारी करणारा डास टिकला नसता. शरद ऋतूत आठवडाभर गारठा आणि पुढचा आठवडा पुन्हा उबदार, हे नेहमीचंच. उबेला भुलून अंडी घातली आणि पंधरा दिवसांनी पाणी गोठलं, तर ती पिढी संपली. दिनमान मात्र कधी फसवत नाही. ४० अंश अक्षांशावर २१ जूनला दिवस १५ तासांचा असतो आणि २१ डिसेंबरला ९ तास २० मिनिटांचा. मधला प्रत्येक दिवस दरवर्षी त्याच तारखेला तेवढाच. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे रोज जवळपास पावणेतीन मिनिटं कमी होतात. ५० अंशांवर हा उतार आणखी तीव्र. २० अंशांवर वर्षभरातला फरक जेमतेम अडीच तासांचा, आणि विषुववृत्तावर जवळजवळ शून्य.

त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशातल्या जाती दिनमान वाचतात, उष्ण कटिबंधातल्या बहुतेक जाती वाचत नाहीत. एडिस इजिप्ती वाचत नाही. क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस वाचत नाही. थंडी पडली की त्यांचा वेग फक्त मंदावतो, आणि ऊब परतली की लगेच सुरू. याला नुसती निष्क्रियता म्हणायचं. सुप्तावस्था, म्हणजे डायपॉज, ही वेगळी गोष्ट आहे: वाईट दिवस येण्याच्या आधीच शरीराने घेतलेला निर्णय, जो मध्येच दोन उबदार दिवस आले म्हणून मोडत नाही.

दिनमान कुठली अवस्था वाचते आणि थांबते कुठली, यात जातीजातींचा फरक आहे.

क्युलेक्स पिपियन्समध्ये शेवटच्या, म्हणजे चौथ्या टप्प्यातली अळी आणि कोष दिवस मोजतात. थांबते त्यातून निघणारी मादी. एडिस अल्बोपिक्टसमध्ये मादी कोषात असताना आणि उडायला लागल्यावर दिवस मोजते, पण थांबतं तिने घातलेलं अंडं. आईने पाहिलेल्या दिनमानावरून लेकरांचं वेळापत्रक ठरतं. अंड्यात अळी पूर्ण तयार होते, डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात, पण पाणी लागलं तरी ती बाहेर येत नाही. पिचर प्लांट या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानातल्या पाण्यात राहणारा वायोमिया स्मिथाय अळी म्हणूनच थांबतो. झाडांच्या ढोलीत वाढणारा ॲनोफिलीस प्लम्बियसही अळीरूपात हिवाळा काढतो.

दिवस म्हणजे फक्त सूर्योदय ते सूर्यास्त नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. कीटकांना अगदी मंद उजेड पुरतो, त्यामुळे पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाशही बऱ्याच जाती दिवसातच धरतात. मध्यम अक्षांशांवर दोन्ही वेळचा मिळून तो जवळपास तासभर होतो. तक्त्यातलं दिनमान पाहून तारीख काढताना हा तास विसरला, तर अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकतो.

तापमानाचा इथेही हात आहे, पण दुय्यम. १८ अंशांना आणि ९ तासांच्या दिवसात वाढवलेल्या क्युलेक्स पिपियन्सच्या जवळपास सगळ्या माद्या सुप्तावस्थेत जातात. दिवस तेवढाच ठेवून तापमान २५ अंश केलं, तर बहुतेक जात नाहीत. गारवा निर्णयाला दुजोरा देतो, आणि पुरेशी ऊब तो रद्द करू शकते. शरद ऋतू उबदार गेला की चावे लांबत जातात ते यामुळे.

सुप्त मादीच्या शरीरात काय होतं

डोक्यातलं घड्याळ हे काम करतं. पिरियड, टाइमलेस, क्रिप्टोक्रोम ही दिवसरात्रीच्या चक्राची जनुकं प्रयोगात दाबून टाकली, तर लहान दिवसातही मादी सुप्तावस्थेत जात नाही. दिवस लहान वाचला गेला की इन्सुलिनची संदेशवहनाची साखळी मंदावते आणि जुवेनाइल हार्मोन स्रवणं थांबतं. हे हार्मोन नाही, तर अंडाशय वाढत नाही. सुप्त मादीला बाहेरून हे हार्मोन दिलं तर अंडाशय पुन्हा वाढायला लागतं, इतकी ही कडी थेट आहे. सोबत रक्त पचवणारी विकरं बनवणारी जनुकं मंदावतात आणि चरबी साठवणारी जोर धरतात. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात तिच्या अंगातली चरबी जागत्या मादीच्या जवळपास दुप्पट होते, आणि तीही नुसत्या फुलांच्या रसावर.

नर हिवाळा काढत नाहीत. मादी लपण्याआधीच मीलन उरकून घेते आणि शुक्राणू तीन बारीक गोल पिशव्यांत साठवून ठेवते. वसंतात बाहेर पडणारी प्रत्येक मादी अशी तयारीनिशी येते, तिला नर शोधावा लागत नाही.

मादी सुप्त आहे की फक्त गारठलेली, हे बाहेरून ओळखता येत नाही. अंडाशय काढून पाहावं लागतं. मादी काही मिनिटं थंड करून निपचित झाली की काचपट्टीवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवायची. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसऱ्या सुईने पोटाच्या सातव्या वलयाला दोन्ही बाजूंनी बारीक चीर द्यायची आणि शेवटची दोन वलयं चिमट्याने अलगद ओढायची. झटका दिला की आतडं तुटून सगळं गढूळ होतं. हळू ओढलं तर दोन पांढरी अंडाशयं द्राक्षांच्या घडासारखी बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली घडातला एकेक दाणा, म्हणजे पुटिका, बघायची. तिच्या टोकाशी एक लहान बोंडी असते, जर्मेरियम, जिच्यातून पुढच्या पुटिका निघतात. पुटिकेची लांबी जर्मेरियमच्या दीडपटीहून कमी असेल तर मादी सुप्त धरायची. दुपटीच्या पुढे गेली असेल तर ती जागती आहे, रक्ताची वाट बघतेय.

त्याच काचपट्टीवर आणखी एक गोष्ट दिसते. अंडाशय ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबात हलवून तो सुकू दिला की अंडाशयावरच्या हवेच्या बारीक नळ्या चमकतात. त्यांची टोकं घट्ट गुंडाळलेल्या धाग्यासारखी असतील तर या मादीने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. टोकं ताणून सरळ झालेली असतील तर घातली आहेत. हिवाळ्यात भुयारातून गोळा केलेल्या क्युलेक्स पिपियन्सच्या माद्यांत गुंडाळलेली टोकंच जास्त सापडतात.

प्रयोगशाळेत सुप्त माद्या तयार करायच्या असतील तर दोन पेट्या लागतात. दोन्ही १८ अंशांवर, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास. एकीत ९ तास उजेड आणि १५ तास अंधार, दुसरीत १६ तास उजेड आणि ८ तास अंधार. अळ्या विरळ ठेवायच्या आणि माशांच्या खाद्याची पूड चिमूटभर, रोज पाहून द्यायची. जास्त टाकली की पाण्यावर साय धरते आणि अळ्या गुदमरतात. माद्यांना १० टक्के साखरेच्या पाण्यात भिजवलेला कापूस द्यायचा आणि सात ते दहा दिवसांनी अंडाशय तपासायचं. हे फसतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. दिवे तापतात आणि ट्रेमधलं पाणी दोन-तीन अंशांनी चढतं, पेटीचा आकडा १८ दाखवत राहतो. किंवा दाराच्या फटीतून, उपकरणावरच्या छोट्या दिव्यातून रात्री उजेड आत येतो. रात्र पूर्ण अंधारी नसली की डासासाठी ती रात्र नाही.

सगळेच असे थांबत नाहीत

ॲनोफिलीस ॲट्रोपार्वस हा युरोपातला डास अर्धवट थांबतो. हिवाळ्यात अंडाशय बंद ठेवतो, पण गोठ्यात आणि घरात उबेला राहून अधूनमधून रक्त पीत राहतो. रक्ताचं अंड्यांत रूपांतर होत नाही, ते फक्त जगण्याला कामी येतं. नेदरलँड्समध्ये एके काळी थंडीच्या दिवसांत घरातल्या घरात मलेरिया पसरायचा, तो याच सवयीने.

क्युलेक्स पिपियन्सचाच भाऊबंद असलेला मोलेस्टस हा प्रकार भूमिगत राहतो. बोगदे, तळघरं, सांडपाण्याच्या विहिरी. तिथे ना दिवस ना ऋतू, म्हणून तो सुप्तावस्थेत जात नाही आणि पहिली अंडी रक्ताशिवायच घालतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या भूमिगत रेल्वे स्थानकांत आसऱ्याला गेलेल्या लोकांना तो चावत असे. दिसायला दोघे इतके सारखे की भर हिवाळ्यात इमारतीत डास चावला, तर बाहेरच्या थंडीकडे बघण्यात अर्थ नाही. तळघरातलं पाणी शोधायचं.

एडिस इजिप्तीची नैसर्गिक सीमा जुन्या नकाशांत सर्वांत थंड महिन्याच्या १० अंशांच्या समतापरेषेवर (सारखं तापमान असलेली ठिकाणं जोडणारी रेषा) आखलेली असते. तरी वॉशिंग्टन डीसीच्या कॅपिटल हिल भागात तो २०११ पासून हिवाळे काढत राहिला. तिथल्या हवेचं तापमान त्याला झेपणारं नाही. जमिनीखालच्या आडोशांतलं झेपतं. हवामान खात्याचा आकडा आणि डासाच्या जागेतला आकडा हे दोन वेगळे आकडे असतात.

आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात हिवाळ्याचा प्रश्नच नाही, तिथे मारतो तो कोरडेपणा. पाणी महिनोन्‌महिने नसतं, आणि पहिल्या पावसानंतर काही दिवसांतच ॲनोफिलीस भरभरून दिसतात. मालीतल्या एका गावात खूण करून सोडलेली मादी सात महिन्यांनी पुन्हा सापडली. साध्या दिवसांत ही मादी महिनाभर जगली तरी पुष्कळ.

कॅलेंडर सरकतं तेव्हा

दिनमान बदलत नाही, पण हिवाळा येण्याची तारीख बदलते. मग डास आपला आकडा बदलतो. वायोमिया स्मिथायवर ओरेगन विद्यापीठातल्या ब्रॅडशॉ आणि होल्झॅपफेल यांनी केलेलं काम या विषयातलं सर्वांत सुंदर काम आहे, असं माझं ठाम मत आहे. हा डास मेक्सिकोच्या आखातापासून कॅनडापर्यंत एकाच वनस्पतीच्या पानात राहतो, म्हणून अक्षांशानुसार तुलना स्वच्छ होते. ५० अंश अक्षांशावरच्या अळ्या १९७२ मध्ये दिवस १५.७९ तासांचा झाला की थांबत. १९९६ मध्ये तो आकडा १५.१९ तासांवर आला. ३६ मिनिटं आखूड दिवस म्हणजे शरद ऋतूत नऊ दिवस उशिरा थांबणं. हा बदल पिढ्यांच्या जनुकांत झालेला आहे, एखाद्या वर्षाच्या उबेचा तो परिणाम नाही.

एडिस अल्बोपिक्टसची गोष्टही अशीच बोलकी. १९८५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ त्याची वस्ती सापडली. त्याची अंडी लहान दिवसात थांबत होती, थंडी सोसत होती, यावरून तो उत्तर आशियातून, बहुधा जुन्या टायरांतून आल्याचं मानलं गेलं. पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये सापडलेले मात्र दिनमानाला दाद देत नव्हते, ते उष्ण प्रदेशातले. अमेरिकेतले डास दक्षिण फ्लोरिडापर्यंत पसरले तशी तिथे अंडी थांबण्याची सवय काही वर्षांतच ओसरत गेली, आणि उत्तरेकडे पसरलेल्यांनी आपलं दिनमानाचं माप तिथल्या हिवाळ्याला जुळवून घेतलं.

आइसलँड बराच काळ डास नसलेला देश म्हणून सांगितला जायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे क्युलिसेटा ॲन्युलाटाचे तीन डास सापडले. ही जात प्रौढ अवस्थेत आडोशाला हिवाळा काढते, हे या संदर्भात महत्त्वाचं आहे.

पिढ्यांगणिक होणाऱ्या या बदलांच्या उलट, रात्रीच्या दिव्यांचा परिणाम लगेच होतो. क्युलेक्स पिपियन्स आणि एडिस अल्बोपिक्टस या दोघांवरही रात्रीच्या मंद कृत्रिम उजेडाने सुप्तावस्था टळते, हे प्रयोगांत दिसलं आहे. दिव्याखालच्या गटारातली मादी अंधाऱ्या गल्लीतल्या मादीपेक्षा जास्त दिवस चावत राहू शकते. शरद ऋतूतली तपासणी दिव्याखालच्या पाण्यापासून सुरू करावी, हे माझं सांगणं त्यावरूनच आहे.

हे सगळं हाताशी घेऊन काय करायचं

पहिलं काम जात ओळखणं, कारण हिवाळ्यात कोण कुठे आहे ते त्यावर ठरतं. अल्बोपिक्टस असेल तर तो भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काळ्या बारीक दाण्यांच्या रूपात आहे. नुसतं पाणी ओतून काहीच साधत नाही. कडक ब्रशने भिंत घासायची आणि घासलेलं पाणी कोरड्या जमिनीवर टाकायचं, गटारात नाही. टायर, कुंडीखालच्या बशा, झाकणाच्या खोबणी हे सगळं शरद ऋतू संपायच्या आत. गोळा केलेली अंडी सुप्त आहेत का ते पाहायचं असेल तर उकळून झाकून निववलेल्या पाण्यात बुडवा. त्यात प्राणवायू कमी असतो आणि एडिसच्या अंड्यांना तोच फुटण्याचा इशारा. जागती अंडी काही तासांत फुटतात. सुप्त अंडी तशीच राहतात, मात्र न फुटलेलं प्रत्येक अंडं सुप्त नसतं. कवच रसायनाने फिकट करून आत डोळे दिसले तरच ते जिवंत धरायचं.

क्युलेक्स पिपियन्स असेल तर शोध भिंतींवर: तळघर, पुलाखालची मोरी, जुनी विहीर, गुहा. जागा दमट आणि गोठणबिंदूच्या थोडी वर असते, कारण गोठणं तिला सोसत नाही आणि कोरडी हवा तर त्याहून कमी सोसते. फार उबदार तळघरही तिच्या फायद्याचं नाही. ऊब जितकी जास्त तितकी चरबी लवकर जळते, आणि अशी मादी वसंताच्या आधीच उपाशी मरते. शरद ऋतूच्या सुरुवातीलाच वायुवीजनाच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवली तर आत शिरणंच थांबतं. आत शिरल्यावर बाहेर धूरफवारणी करण्यात काही अर्थ नाही. त्या फवाऱ्याला उडणारा डास लागतो आणि ही मादी उडतच नाही. तिच्याकडे रोग उरत नाही असंही समजू नका: २००० सालच्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये लपलेल्या क्युलेक्स डासांत वेस्ट नाईल विषाणू सापडला होता.

बीटीआयसारखं जैविक अळीनाशक वापरत असाल तर पाण्याचं तापमान पाहूनच टाका. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं. १० अंशांखाली अळी जेमतेम खाते, चौथ्या टप्प्याच्या शेवटी खाणं सोडते आणि कोष तर खातच नाही. गार पाण्यात टाकलेला डोस वाया जातो आणि औषधात दम नाही असा गैरसमज मात्र पसरतो.

वसंतात दुपारचं पाणी १५ अंशांच्या पुढे टिकायला लागलं की दर चार दिवसांनी साचलेल्या पाण्याची पाहणी सुरू करा. हिवाळा काढलेली क्युलेक्स मादी रक्त पिऊन आपली सगळी अंडी एकत्र घालते. दीडदोनशे अंडी उभी, एकमेकांना चिकटून, अर्ध्या सेंटीमीटरचा तराफा. घातल्या घातल्या तो पांढरा असतो आणि काही तासांत काजळीच्या कणासारखा काळा होतो. पाण्याच्या कडेला, तरंगत्या पानाच्या आडोशाला बघा. चमच्याने उचलून उन्हात कोरड्या मातीवर ठेवला की तो वाळून मरतो. एडिसच्या अंड्यांसारखा कोरडेपणा सोसायची ताकद त्याच्यात नाही.